चाळिशीनंतर ब्रश हातात घेणाऱ्यांना जलरंगाचा चांगला शिक्षक नेमकं काय शिकवतो?

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या अनेकांच्या फाइलमध्ये एक जुनं प्रमाणपत्र असतं. त्यावर ‘शासकीय रेखाकला परीक्षा’ असं छापलेलं असतं आणि पुढे श्रेणी असते: ए, बी नाहीतर सी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी सगळ्यांना माहीत असलेल्या या परीक्षा कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे पेपर. त्यानंतर दहावी येते, रंगपेटी धाकट्या भावंडाकडे जाते आणि ब्रश सुटतो तो सुटतोच. पुढे तीस वर्षांनी कोणी विचारलं, तर ‘सी’ श्रेणी मिळालेला माणूस अगदी खात्रीने सांगतो, “चित्रकला आपल्याला जमत नाही.”

अशीच माणसं मुलं मोठी झाल्यावर किंवा निवृत्ती जवळ आल्यावर जलरंगाच्या वर्गात येऊन बसतात. त्यात शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, शेतकरी, गृहिणी असतात. काही जण पहिल्या दोन-तीन चित्रांनंतर येणं बंद करतात. काही जण मात्र पुढे आयुष्यभर रंगवतात. हे कशावर ठरतं, हे समजून घ्यायचं तर आधी मोठ्या माणसाचा हात का अडतो ते पाहावं लागेल.

हात अडतो की डोळा?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हटलं की एक ठरलेलं चित्र तयार होतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीतही मुलं हेच चित्र काढतात. शाळेच्या बाहेर धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि तलावाची पाळ असली तरी कागदावर कोकणातला नारळ येतो. कारण हे चित्र पाहून काढलेलं नसतं. ते ठरलेल्या खुणा जोडून तयार केलेलं असतं.

अमेरिकेतल्या कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. दहा-बारा वर्षांच्या आसपास मुलांना चित्र ‘खरं’ दिसावं असं वाटू लागतं. ते कसं करायचं हे कोणी शिकवलं नाही, की बहुतेक जण चित्र काढणं सोडून देतात. पुढे चाळिशीत पेन्सिल घेतली, तर चित्र तिथूनच सुरू होतं जिथे ते थांबलं होतं. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांबद्दल त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पुढे शास्त्रज्ञांनी फारसं मान्य केलं नाही. पण त्यांचे सराव आजही वर्गांत वापरले जातात. त्यातला एक अगदी साधा आहे: समोरचं चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायची. उलट्या चित्रात नाक ‘नाक’ म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे खूण आठवण्याऐवजी माणूस समोरची रेघ पाहू लागतो.

म्हणजे अडचण बोटांत कमी आणि पाहण्याच्या सवयीत जास्त असते. त्यात भर पडते ती लाजेची. मूल चुकलं तर पान उलटतं. पन्नाशीतला माणूस चुकला तर आजूबाजूला कोणी पाहिलं का, हे आधी बघतो. त्याच्या रोजच्या कामात तो तरबेज असतो, लोक त्याला विचारायला येतात, आणि इथे त्याला एक साधा आंबा रंगवता येत नाही. ही अवघडलेली जागा जलरंगाच्या शिक्षकाला सर्वात आधी सांभाळावी लागते.

जलरंगच इतका अवघड का?

जलरंग म्हणजे बारीक कुटलेलं रंगद्रव्य आणि ते कागदाला धरून ठेवणारा डिंक. पाणी मिसळलं की त्याचा पातळ, पारदर्शक थर होतो. प्रकाश या थरातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि परत डोळ्यात येतो. जलरंगातला उजेड असा कागदाच्या पांढऱ्यातून येतो, म्हणून पांढरी जागा आधीच राखावी लागते. तैलरंगात चूक झाली तर वरून जाड रंग देता येतो. इथे गडद रंग गेला की तो पुरता परत काढता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. ओल्या कागदावर रंग टाकला की तो पसरतो, कडा मऊ होतात. कोरड्यावर टाकला की कडा स्पष्ट राहतात. अर्धवट वाळलेल्या भागावर पाण्याचा थेंब पडला, तर पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. वाळल्यावर प्रत्येक रंग फिका होतो, त्यामुळे ओला असताना बरोबर दिसलेला रंग नंतर निस्तेज निघतो. अल्ट्रामरीन निळ्यासारख्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दाणेदार पोत तयार होतो. काही रंग कागदात इतके मुरतात की नंतर ओल्या ब्रशने उचलले जात नाहीत.

या सगळ्याचा अर्थ असा, की जलरंगात काही गोष्टी पाण्यावर सोडाव्या लागतात. ज्यांचं आयुष्य हिशेब, वेळापत्रक आणि जबाबदारी यांत गेलं, त्यांना हेच जड जातं. ते एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतात, रंग मळतो, कागदाचा वरचा थर सुटतो आणि ‘बघा, म्हटलं होतं ना’ असं म्हणून ते ब्रश खाली ठेवतात.

रीलमध्ये जे दिसत नाही

आज जलरंगाची हजारो प्रात्यक्षिकं मोबाईलवर फुकट पाहता येतात. तंत्राची ओळख व्हायला ती नक्कीच उपयोगी पडतात. पण एका मिनिटाच्या रीलमध्ये दोन गोष्टी कापलेल्या असतात: वाळण्याची वाट पाहणं आणि फसलेली चित्रं. पाहणाऱ्याला वाटतं, समोरच्याला हे सहज येतं आणि आपल्यालाच येत नाही.

शिवाय कागद कुठे वाळतोय, यावर सगळं अवलंबून असतं. थंड देशातला चित्रकार व्हिडिओत सांगतो की पहिला वॉश दिल्यावर काही मिनिटं थांबा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे आकाशाच्या एका टोकाला रंग लावून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. त्याच गावात श्रावणात हवा इतकी दमट असते की तोच वॉश बराच वेळ ओला राहतो. अशा वेळी मिनिटं मोजून काम होत नाही. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला कागद तिरका धरून पाहायला लावतो. पाण्याची चकाकी आहे तोवर रंग वाहील, चकाकी गेली आणि कागद अजून गार लागतोय तोवर हात लावू नये, तळहाताच्या मागच्या बाजूला गार लागला नाही की पुढचा थर द्यावा. उन्हाळ्यात तो पहाटे काम करायला सांगतो किंवा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यायला लावतो. समोर बसलेल्या माणसाचा कागद या क्षणी कसा आहे, हे व्हिडिओला कळत नाही, शिक्षकाला कळतं.

चांगला शिक्षक काय करतो?

*तो सगळ्यांसमोर रंगवतो.* जलरंग शिकवण्याची ही जुनी पद्धत. मोठी माणसं शिक्षकाचं तयार चित्र पाहून भारावतात, पण शिकतात ते त्याचा हात चालू असताना. ब्रशमध्ये पाणी किती, तो कधी फडक्यावर टेकवला, कुठे थांबला, हे तेव्हाच दिसतं. प्रात्यक्षिक करताना शिक्षकाचाही रंग कधी भलतीकडे ओघळतो. तेव्हा तो कागद बदलत नाही. ‘हे असं झालं, आता याचं झुडूप करू’ किंवा ‘हे आता सुधारणार नाही, राहू दे’ असं म्हणत पुढे जातो. चूक ही गुन्हा नाही, हे सांगून पटत नाही, ते असं दिसावं लागतं.

*तो लहान पण पूर्ण काम देतो.* महिनाभर नुसत्या पट्ट्या रंगवायला लावल्या तर प्रौढ विद्यार्थी कंटाळतो. पहिल्याच दिवशी बाजाराचं दृश्य दिलं तर तो हरतो. म्हणून पोस्टकार्डाएवढा कागद, दोन रंग आणि एक सोपा विषय. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग घेतले तरी त्यांच्या मिश्रणातून कोमट तांबूस ते ढगाळ निळसर अशा कितीतरी करड्या छटा मिळतात. एका तासात चित्र पूर्ण होतं आणि माणूस काहीतरी घेऊन घरी जातो.

*तो कागदाची भीती घालवतो.* ३०० जीएसएमचा सुती कागद महाग असतो. तो वाया जाईल या धास्तीने हात आखडतो. शिक्षक मोठ्या कागदाचे तुकडे करायला लावतो आणि फसलेल्या चित्राची मागची बाजू वापरायला सांगतो.

*तो नेमकं बोलतो.* ‘छान’ या शब्दाने प्रौढ माणूस फसत नाही, उलट आपली समजूत काढली जातेय असं त्याला वाटतं. ‘तुमचं आकाश चांगलं झालंय कारण तुम्ही एकदा रंग लावून सोडून दिलात, झाडाच्या सावलीत पाच वेळा ब्रश फिरला म्हणून ती मळली’ हे वाक्य मात्र त्याच्या उपयोगाचं असतं. त्यातून काय जपायचं आणि काय बदलायचं, दोन्ही कळतं.

*तो थांबायला लावतो.* जलरंगातली बरीच चांगली चित्रं शेवटच्या दहा मिनिटांत बिघडतात. ‘आता उठा आणि लांबून बघा’ हे वाक्य या वर्गांत वारंवार ऐकू येतं.

*तो विद्यार्थ्याच्या चित्रात ब्रश घालत नाही.* यावर शिक्षकांमध्येही मतभेद आहेत. दोन फटकाऱ्यांत चित्र ‘वाचवून’ दिलं तर विद्यार्थी क्षणभर खूश होतो. पण घरी भिंतीवर लावलेल्या त्या चित्रात आपलं काय आणि सरांचं काय, हा प्रश्न राहतो. म्हणून अनेक जाणकार शिक्षक शेजारी वेगळा तुकडा घेऊन त्यावर करून दाखवतात आणि मूळ चित्र विद्यार्थ्याच्याच हाती ठेवतात.

महाराष्ट्रातली परंपरा

जलरंग इंग्रजांबरोबर इथल्या कलाशाळांत आला, पण महाराष्ट्रात तो चांगलाच रुजला. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे त्यातलं मोठं नाव. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी १९०८ मध्ये ‘हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ ही स्वतःची शिक्षणसंस्था सुरू केली. हाताने दिव्याची ज्योत झाकत उभी असलेली स्त्री दाखवणारं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र बऱ्याचदा राजा रविवर्मा यांच्या नावावर खपवलं जातं. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. त्यासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. चित्र १९४०च्या दशकातलं, म्हणजे साठी ओलांडलेल्या हळदणकरांचं.

त्यानंतरच्या पिढीतले प्रल्हाद अनंत धोंड यांनी कोकणचा समुद्र जलरंगात आणला. जे. जे.मध्ये शिकवत ते तिथल्या अधिष्ठातापदापर्यंत पोहोचले. विद्यार्थ्यांसाठी ते ‘धोंड मास्तर’च राहिले. त्यांचं ‘रापण’ हे आठवणींचं पुस्तक मराठीत आवडीने वाचलं जातं.

प्रौढ आणि हौशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अलीकडचं महत्त्वाचं नाव पुण्याच्या मिलिंद मुळीक यांचं. वडील प्रताप मुळीक कॉमिक्सचे नामवंत चित्रकार, पण मिलिंद यांचं शिक्षण अभियांत्रिकीचं. जलरंग आणि यथार्थदर्शन यांवरची त्यांची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आणि कलामहाविद्यालयाची पायरी न चढलेल्या असंख्य लोकांपर्यंत ती पोहोचली. विदर्भात नागपूरचे बिजय बिस्वाल यांचं उदाहरण आहे. मूळचे ओडिशाचे बिस्वाल रेल्वेत तिकीट तपासनीस होते. औपचारिक कलाशिक्षणाशिवाय त्यांनी फलाट, पाऊस आणि गाड्या रंगवल्या. त्यांच्या चित्रांचा उल्लेख पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही झाला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला अशा माणसाचं प्रात्यक्षिक पाहताना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: हा माणूसही आपल्यासारखाच ड्युटी करून घरी यायचा.

सुतार चित्र कशासाठी काढतो?

मोठेपणी शिकून चित्रकार थोडंच होता येणार आहे, मग उपयोग काय, हा प्रश्न घरातले विचारतात. कधी विद्यार्थी स्वतःलाच विचारतो.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर दीडशेहून अधिक वर्षं जुनं आहे. लंडनमध्ये १८५४ साली कामगारांसाठी ‘वर्किंग मेन्स कॉलेज’ सुरू झालं. तिथे संध्याकाळी चित्रकला शिकवायला त्या काळचे नावाजलेले कलासमीक्षक जॉन रस्किन जात. दिवसभर राबून आलेले कारागीर आणि कारकून त्यांचे विद्यार्थी होते. सुताराचा चित्रकार करणं हा आपला हेतू नाही, तो सुतार म्हणूनच अधिक आनंदी व्हावा यासाठी आपण शिकवतो, अशी त्यांची भूमिका होती. या अनुभवानंतर १८५७ साली त्यांनी नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात ते वाचकाला रस्त्यावरचा एक गोल दगड उचलून आणायला आणि त्याची गोलाई नीट पाहून काढायला सांगतात. दगड नीट पाहता आला तर पुढचंही पाहता येईल, असा त्यांचा विश्वास होता.

शिक्षकाची छाप पडली तर?

प्रेरणा देणाऱ्या शिक्षकाचा एक धोकाही असतो. त्याचं प्रात्यक्षिक इतकं देखणं असतं की वर्गातले सगळे त्याच्यासारखंच रंगवू लागतात. तेच ओले रस्ते, त्याच लाल छत्र्या, उजवीकडे तोच सायकलवाला. काही काळ नक्कल करणं वाईट नाही, हात त्यातूनच वळतो. पण वर्षभरानंतरही प्रदर्शनातली पंधरा चित्रं एकाच हातची वाटत असतील, तर शिक्षण अर्धवट राहिलं आहे. चांगला शिक्षक ठरावीक काळानंतर स्वतःचं चित्र समोरून काढून घेतो आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या अंगणात, त्यांच्या गल्लीत पाठवतो.

लाखनीसारख्या गावात काय करता येईल?

लाखनी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, भंडारा आणि साकोली यांच्या मधे आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे ते नागपूरला, सुमारे ८० किलोमीटरवर. नोकरी-शेती सांभाळणाऱ्याला दर आठवड्याला तिथवर जाणं कठीणच. पण विषयांच्या बाबतीत हा भाग श्रीमंत आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले आणि आज ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे जलाशय इथे जागोजागी आहेत. रोवणीच्या दिवसांत पाणी भरलेल्या बांध्यांत आभाळ उतरतं. दिवाळीच्या सुमारास तीच शेतं पिवळी पडतात. जलरंगाला लागतं ते पाणी, प्रतिबिंब आणि मऊ कडा इथे शोधावे लागत नाहीत.

शिक्षक जवळ नसेल तर सुरुवात अशी करता येते. चार-पाच जणांनी एकत्र यावं, कारण एकट्याचा सराव लवकर सुटतो. गावातल्या शाळेतले चित्रकला शिक्षक किंवा निवृत्त कलाशिक्षक यांना महिन्यातून एकदा बोलवावं. शालेय परीक्षांच्या पलीकडे शिकवायला मिळालं तर त्यांनाही आवडतं. विषय रोज बदलू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तसाच एक तलाव निवडून तो सकाळी, दुपारी, पावसात, मे महिन्यात रंगवावा. प्रत्येक चित्रामागे तारीख आणि वेळ लिहावी. सहा महिन्यांनी ही चित्रं ओळीने मांडली की प्रगती दिसते. ती सांगायला श्रेणी लागत नाही.

वर्ग निवडताना काय पाहावं?

पैसे भरण्याआधी एक दिवस बसून पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षक स्वतः समोर रंगवतो का, हे पाहावं. फसलेलं चित्र दाखवायला विद्यार्थी घाबरतात की हसत पुढे करतात, हे पाहावं. जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं एकमेकांपासून वेगळी आहेत का, तेही पाहावं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, नव्याने आलेल्या माणसाने ‘मला काहीच येत नाही’ म्हटल्यावर शिक्षक काय करतो याकडे लक्ष द्यावं. भाषण देणारे बरेच असतात. एखादा मात्र काही न बोलता त्याच्यापुढे कागदाचा तुकडा, थोडा निळा रंग आणि पाण्याची वाटी सरकवतो आणि म्हणतो, “आधी कागद ओला करा.”

तिथे नाव घालायला हरकत नाही.